ताप जात नाहीये? दूध कुठलं ते विचारा

मांजरी गावाच्या पुढे, जिथे पुण्याच्या सोसायट्या संपतात आणि गोठे सुरू होतात, तिथे माझा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. एका खोलीत तपासणी, दुसरीत सलाईन. मागच्या बाजूला छोटी लॅब आहे, तिथे सेंट्रिफ्यूज, सूक्ष्मदर्शक आणि एक फ्रीज. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, इथे होत नाही. असेच दवाखाने लोणी काळभोर, मंचर, पौड, भोर सगळीकडे आहेत. हे मी तिथल्या डॉक्टरांसाठी, सिस्टरसाठी, लॅब टेक्निशियनसाठी आणि आशाताईंसाठी लिहिते आहे. ज्यांच्या घरात कुणाचा ताप महिनाभर हटत नाहीये त्यांनीही वाचावं; खाली लिहिलेली औषधं मात्र मनानेच सुरू करू नयेत.

विषय ब्रुसेलोसिस. जनावरांमध्ये याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. माणसाला तो होतो निरशा दुधातून, नाहीतर गाभडलेल्या (गर्भ पडलेल्या) किंवा नुकत्याच व्यालेल्या जनावराला उघड्या हातांनी हाताळल्यामुळे. पुस्तकात हा दुर्मीळ आजारांच्या यादीत असतो. माझं मत विचाराल तर आपण विचारत नाही म्हणूनही तो बराचसा दुर्मीळ दिसतो. चार नीट प्रश्न आणि थोडं रक्त एवढ्यावर छोट्या दवाखान्यातही संशय पक्का करता येतो. खरं अवघड आहे ते पुढचं, सहा आठवडे औषध पोटात जाईल असं बघणं.

कोणत्या तापात हा आठवावा

ताप दोन आठवड्यांच्या पुढे गेला की. संध्याकाळी चढतो, रात्री घाम फुटून अंथरूण भिजतं, सकाळी माणूस उठून कामालाही जातो. मधे चार-आठ दिवस बरे जातात, वाटतं सुटलो, आणि पुन्हा अंगात कसकस सुरू. कंबर धरते, सांधे दुखतात, भूक मरते, वजन उतरतं. बऱ्याच जणांना उदास वाटतं, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात ‘कामाचं टेन्शन घेतलंय’. दूध पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक ते चार आठवडे जातात, कधी दोन महिनेही. म्हणून रुग्ण स्वतःहून दुधाचं नाव काढत नाही.

अशा रुग्णाची फाईल एव्हाना जाड झालेली असते. टायफॉईडची विडाल तपासणी पॉझिटिव्ह, म्हणून सेफ्ट्रियाक्झोनची सलाईन, मग अझिथ्रोमायसिन, मग पुन्हा सलाईन. दर वेळी ताप थोडा उतरतो आणि परत येतो. ब्रुसेला हा या आजाराचा जंतू आपल्या पेशींच्या आत जाऊन राहतो, त्यामुळे असे छोटे कोर्स त्याचा निकाल लावू शकत नाहीत. रक्ताच्या साध्या तपासणीत पांढऱ्या पेशी नॉर्मल किंवा थोड्या कमी, लिम्फोसाइट जरा जास्त, यकृताची एन्झाइम्स किंचित वाढलेली असतात. पण हे चित्र टायफॉईडमध्येही दिसतं, क्षयातही दिसतं. त्यावरून काही ठरवू नका.

काय आणि कसं विचारावं

‘बाहेरचं काही खाल्लं होतं का?’ या प्रश्नाचा इथे उपयोग नाही. त्यावर लोकांना पाणीपुरी आठवते, दूध आठवत नाही, कारण दूध म्हणजे औषधासारखं चांगलं अशी आपली पक्की समजूत. सरळ दुधावर या. घरी पिशवी येते की रतीब? रतीब असेल तर कुणाचा? तापवायच्या आधी घरात कुणी पितं का? गेल्या दोन-तीन महिन्यांत शेळीचं दूध आणलं होतं का? आणि गोठा असेल तर: कुठली गाय, म्हैस, शेळी गाभडली का? वार (प्लॅसेंटा) अडकली होती का? ती कुणी काढली? ‘गर्भपात झाला का’ असं विचारलं की गोठेवाला नुसता बघत राहतो. ‘गाभडली का’ म्हटलं की तारखेसकट सांगतो.

तालमीत जाणारा एक पोरगा माझ्याकडे आला होता. विशीचा, भरल्या अंगाचा, पण गालफडं बसलेली. महिन्याभराच्या वर ताप, कंबर इतकी धरलेली की जोर मारता येईनात. दोन ठिकाणी टायफॉईड ठरला होता. मी विचारलं, “दूध कुठलं पितोस?”

“तालमीशेजारच्या गोठ्यातलं.”

“तापवून?”

“न्हाई मॅडम. धारोष्ण. वस्ताद म्हनत्यात, तापवलं की ताकद जाती.”

बरोबर त्याची आई होती. ती म्हणाली, घरी आम्ही तापवल्याशिवाय कुणाला देत नाही. ते खरंच होतं, पण घराबाहेर पोरगा काय पितो ते तिला माहीत नव्हतं. म्हणून प्रश्न घरच्या दुधावर थांबवू नका. तालीम, मामाचं गाव, शेतावरची वस्ती, ‘ए-टू’ म्हणून काचेच्या बाटलीतून दारात येणारं न तापवलेलं दूध, सगळं विचारा. शिकलेल्या, सुखवस्तू घरांतही हल्ली ‘नैसर्गिक’ म्हणून कच्चं दूध पितात, तेव्हा कपडे बघून प्रश्न गाळू नका.

पावसाळा ओसरता ओसरता आमच्याकडे डेंग्यूची लाट येते आणि तिच्या पाठोपाठ शेळीच्या दुधाची मागणी. प्लेटलेट वाढतात म्हणून लोक लांबून, म्हणाल त्या भावाने दूध आणतात आणि ‘तापवलं तर गुण जाईल’ म्हणून तसंच पाजतात. प्लेटलेट डेंग्यूचा ताप उतरल्यावर आपोआप चढतात. शेळीच्या दुधाने त्या वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. शेळ्या-मेंढ्यांमधला ब्रुसेला मेलिटेन्सिस मात्र माणसाला सगळ्यात जास्त त्रास देणारा. म्हणून डेंग्यूतून उठलेल्या माणसाला महिन्याभराने पुन्हा ताप आला तर शेळीच्या दुधाचं विचारायचंच.

धनगरांचे वाडे आसपास उतरले असतील, शेतात मेंढरं बसवली असतील, तर प्रश्न वेगळा: “कोकरू अडलं तर कोण सोडवतं?” उत्तर बहुतेक वेळा आजीचं किंवा सुनेचं येतं. हाताला चिरा, आणि त्याच हातांनी वार ओढलेली. ती बाई तापासाठी आलेलीच नसते, नातवाला दाखवायला आलेली असते. कंबर दुखते का, रात्री घाम येतो का, हे तिलाही विचारा.

तपासताना

पोटाला हात लावून प्लीहा आणि यकृत बघा. माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंच्या सांध्यांवर दाबून बघा, मणक्यावर हलकेच ठोका. पुरुष रुग्णाला अंडकोष सुजलाय का हे विचारा आणि तपासा. लाजेने तो आपण होऊन सांगणार नाही. छातीवर स्टेथोस्कोप ठेवलात की हृदयाचे आवाज सावकाश ऐका. या आजारात मृत्यू क्वचित होतात, आणि झाले तर बहुतेक हृदयाच्या झडपेत संसर्ग शिरल्यामुळे.

रक्त, आणि लॅबला लिहायची चिठ्ठी

आणखी एक अँटिबायोटिक देण्याआधी रक्त घ्या. रोझ बेंगाल ही ब्रुसेलाविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधणारी तपासणी स्वस्त आहे, प्रत्यक्ष करताना वीजही लागत नाही, आणि सिरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) काढता येणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये ती होते. अँटिजेनची (मारून रंगवलेल्या ब्रुसेला जंतूंच्या द्रवाची) बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायची, गोठवायची नाही. वापरण्याआधी बाटली आणि सिरम दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पांढऱ्या टाइलवर सिरमचा एक थेंब, शेजारी तेवढाच गुलाबी अँटिजेनचा. काडीने मिसळून रुपयाएवढा गोल करा आणि टाइल हळूहळू हलवत राहा, किटच्या कागदावर लिहिलेला वेळ होईपर्यंत. बहुतेक किटमध्ये तो ४ मिनिटं असतो. निगेटिव्ह असेल तर गुलाबी रंग सारखा दुधाळ राहतो. पॉझिटिव्ह असेल तर रंग फाटतो, बारीक गुलाबी कण काठाकडे गोळा होतात आणि मधला द्रव निवळतो. शेजारी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल लावल्याशिवाय रिपोर्ट देऊ नका. वेळ उलटून गेल्यावर थेंब सुकू लागतो आणि त्यातही कण दिसतात. तो निकाल धरायचा नाही.

पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. ज्याचं आयुष्य गोठ्यात गेलं त्याच्या रक्तात जुन्या संसर्गाची प्रतिद्रव्यं असू शकतात. यर्सिनिया नावाच्या दुसऱ्या जंतूच्या एका प्रकारामुळेही खोटा पॉझिटिव्ह येतो. म्हणून पुढे मोठ्या लॅबमधून ट्यूब अॅग्लुटिनेशन करून घ्या: लक्षणं आहेत आणि टायटर (प्रतिद्रव्यांची पातळी) १:१६० किंवा वर आहे, तर निदान भक्कम धरायचं. लॅबला सांगा की डायल्यूशन (सिरम पातळ करत जाणं) १:१२८० पर्यंत न्या. प्रतिद्रव्यं खूप असली की सुरुवातीच्या नळ्या निगेटिव्ह दिसतात आणि तिथेच थांबणारा फसतो. तपासणी लवकर केली म्हणून निगेटिव्ह आली आणि संशय कायम असेल, तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा करा.

कल्चर हा सर्वात खात्रीचा पुरावा. सोय असेल तर दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घेऊन दोन्ही बाटल्या भरून पाठवा. सोबत चिठ्ठी हवीच. मी अशी लिहिते: “ब्रुसेलाचा संशय. निरसं दूध प्यायल्याचा इतिहास. बाटली बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडावी. वाढ उशिरा होते, बाटली लवकर काढून टाकू नये.” हे जीव हवेतून टेक्निशियनच्या नाकात जातात. प्लेट उघडून वास घेण्याची जुनी सवय काही जणांना असते आणि इथे ती फार धोक्याची आहे. शिवाय स्वयंचलित यंत्रं ब्रुसेलाला कधीकधी मोराक्सेला किंवा ऑक्रोबॅक्ट्रम अशा दुसऱ्याच जंतूंच्या नावाने ओळखतात. गोठेवाल्या रुग्णाच्या रक्तात यांपैकी काही आलं, तर फोन करून पुन्हा बघायला सांगा.

औषधाआधी क्षय

ही पायरी कुणीही ओलांडू नये. ब्रुसेलोसिसवरची दोन मुख्य औषधं, रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावरचीही आहेत. क्षय असताना ब्रुसेला समजून ती दिली तर काही दिवस बरं वाटेल, आणि क्षयाचे जंतू औषधाला दाद देईनासे होतील. लांबलेला ताप, घाम, घटलेलं वजन: दोन्ही आजारांचं वर्णन एकच. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, थुंकी असेल तर सरकारी केंद्रात ट्रूनॅट किंवा सीबीनॅट (थुंकीतला क्षयाचा जंतू शोधणाऱ्या तपासण्या). पाठ दुखत असेल तर मणक्याचं चित्र हवं. ब्रुसेला बहुधा कंबरेच्या खालच्या मणक्यांत बसतो, क्षय बहुधा छातीमागच्या किंवा छाती-कंबरेच्या सांध्याजवळच्या. पण तेवढ्यावर विसंबून औषध सुरू करू नका. आणि कच्च्या दुधातून गाईचा क्षयही येतो, त्याच्या जंतूवर पायराझिनामाइड मुळातच चालत नाही. तेव्हा क्षय सापडला तरी दुधाची माहिती कागदावर लिहून पाठवा.

सहा आठवडे

गुंतागुंत नसलेल्या प्रौढ रुग्णाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पूर्ण ६ आठवडे. सोबत दुसरं औषध हवंच: स्ट्रेप्टोमायसिन १ ग्रॅम रोज स्नायूत २ ते ३ आठवडे, किंवा जेंटामायसिन ७ ते १० दिवस, नाहीतर रिफाम्पिसिन ६०० ते ९०० मिलिग्रॅम रोज ६ आठवडे. एकटं औषध देऊ नका, आजार उलटतो. इंजेक्शनच्या जोडीने उलटण्याचं प्रमाण कमी राहतं, म्हणून रोज येऊ शकणाऱ्याला मी तीच देते, आधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन बघून आणि कानात आवाज येतो का हे दर दोन दिवसांनी विचारून. धनगराचा वाडा मात्र चार दिवसांत पुढच्या गावी गेलेला असतो. त्याला रोजचं इंजेक्शन सांगणं म्हणजे औषध न देण्यासारखंच. क्षय नाही हे पाहून त्याला डॉक्सिसायक्लिन-रिफाम्पिसिनची सहा आठवड्यांची पूर्ण पिशवी हातात द्यायची. त्यात मराठीत एक कागद ठेवा: आजाराचं नाव, औषध सुरू केल्याची तारीख, कधी संपवायचं, आणि दवाखान्याचा फोन. पुढच्या गावातल्या डॉक्टरला तो कागद पुरतो.

ताप पहिल्या आठवडा-दहा दिवसांत उतरतो, आणि नेमकी तिथेच औषधं बंद पडतात. पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: बरं वाटेल, तरी थांबायचं नाही. घरातल्या एका माणसाला जबाबदार धरा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या दिवसाला गोल करून द्या. डॉक्सिसायक्लिन जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. दुधाबरोबर नको, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांशी दोन-तीन तासांचं अंतर. उन्हात कातडी भाजते, शेतावर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला टॉवेल. रिफाम्पिसिनने लघवी तांबडी होते. हे सांगितलं नाही तर रक्त पडतंय समजून गोळ्या फेकल्या जातात. गर्भनिरोधक गोळ्या त्या काळात भरवशाच्या नाहीत, हेही बाईला एकटीला घेऊन सांगा.

नीट उपचार होऊनही शंभरात ५ ते १५ जणांना पुन्हा त्रास होतो, बहुतेकांना पहिल्या वर्षात. म्हणून औषध संपल्यावर महिन्याने, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी बोलावते. त्या वेळी ताप, घाम, वजन, कंबर हेच विचारायचं. टायटर कित्येक महिने चढा राहू शकतो, फक्त त्या आकड्यासाठी पुन्हा औषध सुरू करू नका.

मणक्यात, मेंदूत किंवा हृदयात शिरलेला आजार आपल्या आवाक्यातला नाही. तिथे औषधं किमान तीन महिने लागतात. पाय लटके पडणे, लघवी अडणे, मान आखडणे, वागणं बदलणे, दम लागणे, हृदयात नवा आवाज, यातलं काहीही दिसलं की पुण्यात ससून रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात पाठवा. आठ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांचं औषध वेगळं असतं, त्यांना बालरोग आणि स्त्रीरोग तज्ज्ञांकडेच. गरोदर बाईच्या तापात कच्च्या दुधाचा इतिहास निघाला तर लिस्टेरिया हा कच्च्या दुधातून येणारा दुसरा जंतूही मनात ठेवा. त्यावर सेफ्ट्रियाक्झोन अजिबात चालत नाही, अँपिसिलिन लागतं, आणि वाट बघत बसलं तर बाळ हातचं जातं.

रुग्णानंतर घर, घरानंतर गोठा

एक रुग्ण सापडला की त्याच भांड्यातलं दूध पिणाऱ्या सगळ्यांना बोलवा. तालमीतल्या त्या पोराबरोबर पिणारी आणखी पोरं होती; वस्तादांना मी दवाखान्यात चहाला बोलावून सगळं समजावलं. ते चिडले नाहीत, त्यांनी टाइलवरचे कण स्वतः वाकून पाहिले. दूध तापवायला त्याच आठवड्यात सुरुवात झाली.

गोठ्यासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जनावरांचे नमुने औंधच्या रोग अन्वेषण विभागात तपासले जातात. जनावराला माणसासारखं औषध देऊन बरं करत नाहीत, बाधित जनावर वेगळं काढतात. गोठेवाल्याला ही भीती असते, म्हणून तो लपवतो. दम देऊ नका, पशुवैद्यकांना सोबत घेऊन बोला. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना आयुष्यात एकदा लस देतात, ती राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात मोफत आहे. ही लस जिवंत जंतूंची असते. टोचताना सुई लागली किंवा डोळ्यात उडालं तर त्या पशुवैद्यकाला त्याच दिवशी डॉक्टर गाठायला सांगा. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन तीन आठवडे द्यावं लागतं. गाभडलेलं वासरू आणि वार हातमोजे घालून उचलायची, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची, कुत्र्यांपुढे टाकायची नाही.

आणि दूध तापवायचं. उकळी फुटली की ब्रुसेला मेला, मग ते गाईचं असो, म्हशीचं असो की शेळीचं. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांना हा जंतू माल्टामध्ये १८८७ साली सापडला. तो शेळ्यांमधून येतो हे तिथलेच डॉक्टर झामित यांनी १९०५ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी तिथल्या ब्रिटिश सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि त्यांच्यातला आजार झपाट्याने खाली आला, अँटिबायोटिक्स यायच्या कितीतरी आधी. धारोष्णाचा आग्रह धरणाऱ्यांना मी हे सांगते, आणि हेही सांगते की उकळल्याने दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम कुठेही जात नाहीत.

पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध या आजारापुरतं सुरक्षित असतं. अभिषेकाला आणि पंचामृताला निरसंच दूध लागतं असं ज्या घरांत मानतात, तिथे मी पिशवीचं सुचवते: घरी ते उकळलेलं नसतं, आणि तीर्थ लहान मुलांच्या हातावरही बिनघोर देता येतं. दही उकळलेल्या दुधाला विरजण लावून केलेलं असावं. निरशा दुधावरची साय काढून लोणी करत असतील तर तेही विचारून घ्या, त्यातही जंतू टिकतात. खरवस पुरता वाफवून घट्ट झालेला असेल तर खुशाल खावा. चीक कच्चा चाखून बघायचा नाही.